बदामचा राजा रुसला

फार मागं, पत्ते एकमेकांशी बोलायचे तेव्हाची गोष्ट. एका घरात पणजोबांच्या वेळचा पत्त्यांचा कॅट होता. सुट्टी लागली की पोरं त्यावर बदामसात खेळायची. त्यात पहिली पडते बदामची सत्ती. मग तिच्यापुढं अठ्ठी, नव्वी अशी चढती रांग लागते आणि राजा येतो अगदी शेवटी; दुसऱ्या बाजूला छक्की, पंजी अशी उतरती रांग एक्क्यापर्यंत जाते.

एकदा बदामचा राजा खेकसला, "ए सत्ते, मी राजा असून तुझ्या मागं थांबू? आज पहिला मी!"

"थांबा की महाराज, खेळच तसा आहे," सत्ती म्हणाली.

राजा रुसला आणि सतरंजीखाली जाऊन बसला. त्याला वाटलं, आता डाव मोडेल, सगळे येतील पाया पडत.

पोरांनी घरभर शोधलं. शेवटी सगुणाआत्यानं साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर कोळशानं ही एवढी मिशी काढली. झाला राजा! पोरं हसून लोळली.

"हा बरा बाई, कुरकुरत नाही," बदामची राणी म्हणाली.

पुढं सतरंजी झटकताना खरा राजा टपकन पडला. पण मिशीवाल्याला सोडायला पोरं तयार होईनात. त्यातच रांगत्या बाळानं किलवरची तिर्री चघळून तिचा लगदा केला होता. आत्यानं खऱ्या राजाच्या कपाळावरच लिहिलं, 'किलवर तिर्री'.

तेव्हापासून राजा किलवरच्या चौकीमागं थांबतो आणि मागून दुर्री त्याला ढोसते, "सरका की महाराज, आम्हीपण रांगेतच आहोत!"