धुराची वाट

डोंगरावर घरं मोजकीच होती आणि आगीधुरालाही बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. बाहेर बर्फ पडत होता. साळूबाई गवंडिणीच्या घरात मधोमध आगटी पेटलेली असे. छपराचं भोक उघडं ठेवलं की थंडीनं तिच्या तान्ह्या लेकीचे ओठ निळे पडत, आणि झाकलं की धुरानं तिचा जीव गुदमरे.

"तुझ्यामुळेच हे!" आगटी धुरावर खेकसली. "ऊब मी देते. तू नुसता डोळ्यांत पाणी आणतोस."

धूर छपराखाली घुटमळत राहिला.

साळूबाईही भडकली. "मेल्या, माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. जायचं तर जोत्याखालून जा!" तिनं आगटी बाहेर भिंतीलगत नेली. फरशा उचलून आगटीपासून खाली चर खणला, धुराला पलीकडून वाट काढून दिली, फरशा परत बसवल्या आणि छपराचं भोक कायमचं बुजवलं.

दुपारी लेकीला घ्यायला ती खाली टेकली आणि थबकली. फरशी गाईच्या कुशीसारखी उबदार लागत होती. घरात ना जाळ, ना धूर, आणि लेक हातपाय पसरून झोपलेली. साळूबाईनं दोन्ही तळवे दगडावर ठेवले.

पलीकडच्या भिंतीतून धूर विरळ होऊन बाहेर पडला.

"माझ्याकडून निघालास तेव्हा केवढा तापलेला होतास!" आगटी म्हणाली. "आता एवढा गार कसा?"

"होतं ते वाटेत ठेवत आलो," धूर म्हणाला आणि आभाळात विरून गेला.