काजळीची कबुली

त्या मुलुखात न्याय करण्याचं काम कासवाकडे होतं, आणि न्यायाची वाट पाहण्याचं काम शेळ्यांकडे.

वाट पाहण्यासाठी एक कोंडवाडा बांधलेला होता. तिथे एडके आणि बोकडही येत; पण ज्याच्या नावावर खुंटा आहे असा कुणी जामीन राहिला की सोडायचं, असा नियम होता, आणि त्यांचे भाऊबंद आठवड्याच्या आत येऊन त्यांना घेऊन जात. शेळ्यांसाठी कुणी येत नसे. शेळी जन्मभर खुंट्याला बांधलेली असते, खुंटा तिच्या नावावर नसतो. शिवाय कोंडवाड्यात गेलेल्या शेळीची कळपाला लाज वाटे. म्हणून आत शेळ्याच साठत गेल्या. त्यांचं मन रमावं म्हणून मोरांचं एक मंडळ वर्षातून एकदा येऊन त्यांच्यासमोर नाचून जाई.

काजळी नावाची शेळी तिथे तीन वर्षं होती. राखीव कुरणातली एक फांदी कुणीतरी खाल्ली होती, आणि फांदीच्या सगळ्यात जवळ काजळी उभी सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण फाशीसाठीसुद्धा आधी निकाल लागावा लागतो. तो लागला नव्हता. तिला धरून आणलं तेव्हा तिचं करडू, चिमी, अजून दूध पीत होतं.

मंडळात नसलेली एक टिटवी मात्र रोज येई. तिला नाचता येत नव्हतं आणि आवाजही कर्कश होता. ती बाहेरचे निरोप आत आणी, आतले बाहेर नेई, आणि कासवाच्या तळ्यावर जाऊन प्रत्येकीची तारीख विचारी. पावसाळ्याच्या तोंडावर तिने काजळीला बातमी दिली, की चिमी गाभण आहे आणि थंडी पडायला लागली की विणार. पहिलीच वेळ, आणि जवळ कुणी नाही. काजळीने त्या दिवशी चाऱ्याला तोंड लावलं नाही. स्वतःच्या पहिल्या वेताला तिची आई रात्रभर तिला चाटत बसली होती. लेकीच्या नशिबी तेवढंही नसावं, हे तिला सोसवेना.

टिटवी तळ्यावर गेली. फांदी खाण्याला शिक्षा एका पावसाळ्याची, काजळीने तीन काढले, तेव्हा तिला सोडावं, असं तिने मांडलं. कासवाने मान बाहेर काढली आणि शांतपणे समजावलं, की संपते ती झालेली शिक्षा. हिला शिक्षा झालेलीच नाही, मग ती संपेल कशी? कासवाचं बोलणं नेहमी असं बिनतोड असे. पण ते निर्दयी नव्हतं. गुन्हा कबूल केला तर शिक्षा सुनावता येईल आणि काढलेले दिवस त्यातून वजा होतील, असंही त्याने सुचवलं.

काजळीने हे टिटवीकडून ऐकून घेतलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खाल्लं, असं म्हणू?"

"म्हण, आणि लेकीकडे जा."

"मी नाही गं खाल्लं, टिटवे."

"मला ठाऊक आहे. खरं बोलून तीन वर्षं काढलीस, आता एकदा खोटं बोल."

काजळीने कबुली दिली. कासवाला समाधान वाटलं. पण कबुली खरी आहे की नाही हे तपासण्याचा रिवाज होता. जपून ठेवलेली वाळकी फांदी आणली गेली. तिच्यावर दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. काजळीला तोंड उघडायला सांगितलं. कोंडवाड्यातली वाळकी धाटं चावून चावून तिचे पुढचे सगळे दात पडले होते.

या तोंडाने ही फांदी खाल्लेली नाही, असा कासवाने निकाल दिला. त्या वेळी दात होते, हे टिटवीच्या अगदी चोचीवर आलं होतं. पण आपण कुणाच्या बाजूने आलो आहोत हे आठवून ती गप्प राहिली. काजळी निर्दोष ठरली. म्हणजे ती न्यायासमोर खोटं बोलली होती, आणि त्याचीही शिक्षा एक पावसाळाच होती. टिटवीने मागचे तीन पावसाळे वजा करायला सांगितले. ते दुसऱ्या गुन्ह्यातले होते, आणि त्या गुन्ह्यात काजळी निर्दोष होती, त्यामुळे ते कुठेच धरता येत नव्हते.

टिटवीला रडू फुटलं. सल्ला तिचाच होता. काजळी मात्र बोटं नसलेल्या खुरांवर काहीतरी मोजत होती. पावसाळा सरला की सुटका, आणि चिमीची वेळ त्यानंतरची.

"टिटवे," ती म्हणाली, "चिमीला सांग, मी येते."

रिवाजाप्रमाणे तिच्या गळ्यात सुटकेचा दिवस लिहिलेली पाटी बांधली गेली. कोंडवाड्यात अशी पाटी आजवर कुणी पाहिली नव्हती. शेळ्या एकेक करून जवळ आल्या, पाटी वाचून गेल्या, आणि पुन्हा वाचायला आल्या.

दुसऱ्या दिवशी टिटवी आली, तेव्हा कुंपणाला लागून अठरा शेळ्यांची रांग उभी होती. किती दात पडलेत ते बघ, असं म्हणत प्रत्येकीने तोंड उघडलं. रांगेत सगळ्यात शेवटी आदल्या आठवड्यातच आणलेली एक कोवळी पाट, अजून एकदाही न व्यालेली शेळी, होती. तिचे दात पांढरेशुभ्र आणि पक्के होते, आणि ती हमसून हमसून रडत होती.