डाव्या पायाची चप्पल

माणसांना जनावरांचे बोलणे कळत असे, त्या काळची ही गोष्ट. यमाजी कोष्ट्याने ओसाड धर्मशाळेत सापडलेला एक कुत्रा घरी आणून पाळला व त्याचे नाव ठिपक्या ठेवले. ठिपक्या गुणी होता. मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी यमाजीची डावी चप्पल हमखास नाहीशी होई आणि ठिपक्या तिच्यावर निजलेला सापडे.

एकदा यमाजी संतापून म्हणाला, "पुन्हा चप्पल लपवलीस, तर तुला धर्मशाळेतच सोडून येईन!"

घरातली मांजर काजळी मिशीत हसली. "बांध गाठोडे, चप्पलचोरा! अरे, चोरायचे तर दूध तरी चोरावे."

ठिपक्या मान खाली घालून म्हणाला, "माझे पहिले धनी मला तेथे बसवून, चपला घालून गेले, ते परतलेच नाहीत. एका चपलेने कोणी लांब जात नाही, काजळे."

यमाजीने ते ऐकले. पुढच्या बाजाराला निघताना त्याने नव्या चपला घातल्या आणि जुनी डावी चप्पल ठिपक्यापुढे ठेवली. "ही माझी आवडती आहे. नीट सांभाळ रे बाबा, हिच्यासाठी तरी मला परत यावेच लागेल."

संध्याकाळी यमाजी परतला, तेव्हा ठिपक्या शेपूट हलवीत दारात उभा होता. चपलेवर मात्र काजळी निजली होती.