जमिनीखालचं रान

आफ्रिकेत, वाळवंटाच्या कडेच्या एका गावात एकदा एक वृद्ध कवी राहत होता. नाव इसूफू. गावाची रीत अशी की, पेरणीच्या दिवशी सकाळी कवीने आपल्याला पडलेलं स्वप्न गाऊन सांगायचं आणि मगच बाजरी मातीत टाकायची. स्वप्नात पदरचं काही घालणं हे महापाप. यंदा इसूफूचा आवाज बसला होता, म्हणून गाण्याचा मान त्याच्या शिष्येकडे, राकियाकडे आला. पण तीन वर्षं दुष्काळ होता. माणसं गाव सोडायच्या बेतात होती आणि गाणं ऐकूनच काय ते ठरवणार होती.

आदल्या दिवशी राकियाने गुरूला गाणं ऐकवलं. घनदाट रान, दुथडी वाहणारी नदी, पाखरांचे थवे.

"गोड आहे," इसूफू म्हणाला. "स्वप्न कुणाचं?"

राकियाचा चेहरा उतरला. "रचलंय, बाबा. मला पडलं ते भलतंच. माझी गेलेली आई मातीखाली उभी होती, जिवंत. वर येऊ बघत होती, आणि मी तिच्या डोक्यावर पाय देऊन उभी! असलं अभद्र सांगितलं तर उद्या गाव ओस पडेल हो!"

कुदळ उचलून इसूफू थेट तिच्या शेतात गेला, राकिया मागोमाग. पेरणीआधी सगळेच करतात तसं तिनेही शेत साफ केलं होतं, जुन्या खुंटांचे धुमारे जमिनीलगत छाटले होते. म्हातारा त्यातल्याच एका खुंटाशेजारी खणू लागला.

"अहो बाबा, काय मांडलंय हे? निकामी खुंट तो!"

हातभर खोल गेल्यावर त्याने मुळाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. राकियाने बोट लावलं, तर ओल लागली.

"माझ्या आजोबांच्या वेळी इथे रान होतं," इसूफू म्हणाला. "वरचं आपण तोडलं, मुळं राहिली. दर वर्षी ती धुमारे वर धाडतात आणि दर वर्षी आपण ते छाटून शेत साफ झालं म्हणतो. पोरी, तुझ्या स्वप्नाने नसलेलं काही दाखवलं नाही. जे आहे आणि आपण तुडवतो आहोत, तेच दाखवलं. तू मात्र भ्यालीस."

"आणि पाऊस नाही पडला तर?"

"ते मला ठाऊक नाही. त्याचं वचन तूही देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी राकियाने आईचं स्वप्नच गायलं. एक शब्दही बदलला नाही. मग तिने लोकांना तो खड्डा आणि आतलं हिरवं मूळ दाखवलं, आणि यंदापासून धुमारे छाटू नका, वाढू द्या, म्हणाली. गाढवावर सामान लादून निघालेला गादो सर्वांत पुढे होता. त्याने खड्ड्यात हात घातला आणि ते ओलं मूळ चाचपलं.

"माझ्या शेतात असे चाळीसेक खुंट असतील," तो हळूच म्हणाला. "सगळे मीच छाटले." मग उठून त्याने गाढवावरचं ओझं उतरवायला घेतलं.

राकियाचं रचलेलं गोड गाणं ऐकलं असतं, तर समोरच्या कोरड्या शेताकडे बघून तो ते खोटंच मानता आणि निघून गेला असता.