लिंबूटिंबूवर राज्य

मोहाच्या दाट झाडीत, एका बिळात, दोन ससे भाऊ आईजवळ राहत असत. थोरल्याला जन्मापासूनच पुढचा एक पाय नव्हता. धाकटा सदा त्याच्या मागे मागे. त्या उन्हाळ्यात थोरला तापाने गेला, आणि मुलांनो, धाकट्याने खेळणेच सोडले. आई म्हणे, "जा रे बाळा, सगळे खेळताहेत." तो भिंतीकडे तोंड फिरवी.

शेवटी एका संध्याकाळी तो माळावर गेला. तिथे पिल्ले शिवणापाणीचा डाव मांडत होती. हरणाचे पाडस होते, मुंगूस होते आणि सगळ्यांचा पुढारी असलेले माकड होते. तेवढ्यात एक छोटी खार आली. तिलाही पुढचा एक पाय नव्हता. "मला घ्याल खेळायला?" तिने विचारले.

"घेऊ की!" माकड प्रेमाने म्हणाले. "ही लिंबूटिंबू. ही पळेल, पण हिला कुणी शिवायचं नाही. हिच्यावर राज्य नाही."

"नाही!" ससा एकदम ओरडला.

"अरे, लागेल तिला," माकड म्हणाले. "तुझ्या दादालाही आम्ही असंच घ्यायचो. कधी नको म्हटलं का?"

"घ्यायचात. पण त्याला शिवलं कुणी?" सशाचा आवाज फाटला. "तो मुद्दाम समोर येऊन उभा राहायचा, तर तुम्ही त्याला वळसा घालून जायचात. मग तो त्या दगडावर जाऊन बसायचा. रोज घरी जाताना म्हणायचा, उद्या येईल माझ्यावर राज्य. नाही आलं ना! गेला तो!"

खारीने मान खाली घातली. ससा उसळून म्हणाला, "आज राज्य माझ्यावर. पळा!"

सगळे पांगले. ससा पाडसामागे गेला नाही की मुंगसामागे गेला नाही. तो सुटला तो थेट खारीमागे. ती मुळाखालून निसटली, झुडपाला वळसा घालून पळाली. "हळू रे, हळू!" माकड ओरडत राहिले. ससा हळू झाला नाही. त्याने झेप घेऊन तिला शिवले, तशी ती दोन कोलांट्या खाऊन मातीत पडली. तिचे नाक खरचटले. आता ही रडणार, असे सर्वांना वाटले.

खार उठून बसली. "दादा, माझ्यावर राज्य आलं?"

'दादा' ऐकून ससा तिच्याजवळ आला. "आलं."

"खरं खरं?"

"खरं खरं."

"मग उभे काय राहिलात? पळा की!"

ती सगळ्यांमागे धावली. बराच वेळ कुणी हाती लागेना. तिला धाप लागली. ते पाहून माकड हळूच थांबले आणि त्याने पाठ पुढे केली.

"ए माकडा, असं नाही!" खार कंबरेवर पंजा ठेवून म्हणाली. "उभ्या उभ्या शिवायला तू काय झाड आहेस? पळ!"

सगळे खो खो हसले. माकड ओशाळले आणि मग खरेच जीव खाऊन पळाले. खारही जिद्दीने मागे लागली. त्याने फांदीवर उडी मारली, पण शेपूट खाली लोंबत राहिले. खारीने उसळी मारून ते पकडले. "माकडावर राज्य!"

दिवस मावळला तशी पिल्ले घरोघर निघाली. "आई, माझ्यावर राज्य आलं होतं! मला शिवलं! मी पडलेसुद्धा!" खारीचा आवाज लांबवर ऐकू येत होता.

ससा मात्र मागे राहिला. दादा ज्या दगडावर बसायचा, त्याच्याजवळ तो गेला. त्याने दगडाला पंजा लावला. "दादा, तुझ्यावर राज्य," तो म्हणाला. आणि मागे कुणी खरेच लागल्यासारखा तो घराकडे पळत सुटला.

तात्पर्य : कुणाला दयेने खेळात घेतले, तरी तो खेळाबाहेरच राहतो, त्याच्यावर राज्य येऊ दिले, तरच तो आपल्यातला होतो.