हाक मारली की होडी येईल

फिनलंडच्या उत्तर टोकाला, एका थंड सरोवराच्या काठी, एकदा एक कारागीर होड्या बांधायला आला. त्या काठावर रेनडिअर पाळणाऱ्यांची वस्ती होती आणि कारागीर पैलतीरावरचा, फिनी बोलणारा. दोन्ही तीरांवरच्या लोकांचे बोलणे मासे आणि कातडी यांच्या देवघेवीपुरतेच. काम अर्ध्यावर असताना कारागिराला तापाने गाठले. निरोप गेला, त्याची पत्नी हेल्का मिळेल त्या नावेने निघाली. पण ती पोहोचली तेव्हा त्याचा देह भूर्जाच्या सालीत गुंडाळून ठेवलेला होता.

वस्तीची एक रीत होती. देह मातीत ठेवण्यापूर्वी तिथला ज्ञानी वृद्ध मृताच्या कानाशी वाकून त्याला परलोकाची वाट सांगे. कोणता डोंगर ओलांडायचा, कुठे वळायचे, आणि शेवटी त्या देशाचे नाव. हा पाठ पूर्वजांकडून आलेला, त्यात एका शब्दाचाही फरक चालत नसे. वृद्धाच्या शिष्याने एकदा दोन डोंगरांची नावे मागेपुढे केली, तर गुरूने त्याला पाठ पहिल्यापासून म्हणायला लावला होता. असा कडक माणूस.

शिष्य मात्र मऊ मनाचा. हेल्काचे रडणे त्याला पाहवेना. तो जवळ जाऊन म्हणाला, "काकू, काळजी करू नका. आमचे गुरुजी काकांना थेट आमच्या पूर्वजांच्या देशात पोहोचवतील. तिथे मोठमोठे कळप आहेत. कुणी उपाशी राहत नाही."

हेल्काला त्यांची भाषा बाजारापुरती येत होती, पण एवढे तिला समजले.

"तुमच्या देशात?" ती म्हणाली. "अरे, त्यांना तुमच्या रेनडिअरच्या जवळ जायचीसुद्धा भीती. तुमची भाषा येत नाही. तिथं ते कुणाशी बोलतील? आणि उद्या मी मेले की माझ्या माणसांत जाणार. तिथं ते नसले तर मी कुठं शोधू त्यांना?"

शिष्य धीर द्यायला गेला आणि तिच्या जिवाला घोर लावून बसला.

वृद्धाने हे ऐकले होते. तो सावकाश येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"बाई, तुझी माणसं मेल्यावर कुठं जातात?"

"तुओनेलाला."

"कोण कोण?"

"सगळीच. चांगली, वाईट, सगळी."

"वाट कशी आहे तिथली?"

हेल्काने डोळे पुसले. "मध्ये काळी नदी आहे. अलीकडच्या काठावर उभं राहून हाक मारायची. मग तुओनीची मुलगी होडी घेऊन येते. तुओनी म्हणजे तिथला धनी."

"होडी," वृद्ध म्हणाला. "मग तर ती त्याच्याच कामातली गोष्ट."

तो उठला, देहाजवळ गेला आणि कानाशी वाकला. डोंगरांची एकही खूण त्याने सांगितली नाही. मोडक्यातोडक्या फिनी भाषेत म्हणाला, "काळ्या नदीपर्यंत जा. हाक मार, होडी येईल. तुझी माणसं तिथं आहेत." देशाचे नाव घेताना मात्र त्याची जीभ अडखळली. त्याने वळून विचारले, "बाई, बरोबर आलं का?" हेल्काने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा म्हटले, तिने पुन्हा दुरुस्त केले. वस्तीतले लोक एकमेकांकडे पाहू लागले आणि शिष्य शरमेने लाल झाला. अखेर हेल्का म्हणाली, "आता बरोबर." तेव्हाच देह मातीत ठेवला गेला.

संध्याकाळी शिष्याचा राग बाहेर पडला. "गुरुजी, मी दोन डोंगर उलटेसुलटे केले तर तुम्ही मला सोडलं नाहीत. आज तुम्ही सगळा पाठच टाकून दिलात! परक्या देशाचं नाव घेतलंत. पूर्वज काय म्हणतील?"

वृद्ध हसला. "मी आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे. तिकडे गेलो की मीच सांगेन त्यांना." मग गंभीर होऊन तो म्हणाला, "बाळ, पाठ कशासाठी आहे? मेलेल्या माणसाला त्याच्या माणसांत नेऊन सोडण्यासाठी. आपल्या माणसाला आपल्या डोंगरांवरूनच जायला हवं, म्हणून तुझी चूक मी चालू दिली नाही. हा माणूस त्याच वाटेनं गेला असता तर कायमचा पाहुणा म्हणून राहिला असता. तुझी दया खरी होती रे, पण तू तिला तुझ्या घरचं सुख देऊ केलंस. तिचं घर कुठं आहे, हे विचारलंच नाहीस."

दुसऱ्या दिवशी शिष्य हेल्काला नावेपर्यंत पोहोचवायला गेला. तिचे गाठोडे त्याने नावेत ठेवले. मग हळू आवाजात म्हणाला, "काकू, माझं चुकलं."

हेल्काने त्याच्या गालावरून हात फिरवला. "मी वर्षातून एकदा माझ्या मेलेल्या माणसांसाठी भाकर ठेवते. तुझे म्हातारबाबा जातील तेव्हा त्यांच्याही वाटचा तुकडा ठेवेन. पण तो कुठं पोहोचायला हवा म्हणून सांगू? तुमच्या त्या देशाला काय म्हणतात?"

 शिष्याने नाव सांगितले. हेल्का नावेत बसली आणि होडी काठापासून दूर जाईपर्यंत ते नाव पुटपुटत राहिली.

परलोकांच्या या दोन नावांसारखा परक्याचा शब्द आपल्या भाषेत येतो, तेव्हा तो कुणाच्या दुःखातून आला, हे एकदा विचारून पाहावे.