पायाळू मावशीचे हात

घाटात अजून गाडीरस्ता झाला नव्हता आणि ओझी माणसांच्या पाठीवरूनच वर चढत होती, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी. खरं तर मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी हेलकऱ्यांचं एक गाव होतं. खाली बंदरातून मीठ आणि सुकी मासळी यायची, ती गोण्यांत भरून हे लोक घाटमाथ्यावरच्या बाजारात पोचवायचे आणि उतरताना धान्य घेऊन यायचे. बायका काय, पुरुष काय, सगळेच ओझी वाहायचे. त्यामुळे त्या गावात तापाला, खोकल्याला कुणी आजार म्हणतच नसे. दुखणं म्हणजे पाठीचं. सकाळी वाटेत भेटले की लोक "पाठ काय म्हनते?" असंच एकमेकांना विचारायचे.

कधी कुणाच्या पाठीत उसण भरायची. वाकलेला माणूस वाकलेलाच राहायचा, नुसता श्वास घेतला तरी कळ डोक्यात जायची. मग त्याला धरून धरून एकाच दारी न्यायचे. ते दार पायाळू मावशीचं.

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो माणूस. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे त्या गावात दगडावरच्या रेघेसारखं पक्कं होतं. आणि अख्ख्या गावात पायाळू अशी एक मावशीच होती.

मावशी आलेल्याला घोंगडीवर पालथं निजवायची. तेल कोमट करून हाताला लावायची आणि कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हळूहळू खाली सरकवायची. "हितं दुखतंय? का जरा खाली?" असं विचारत राहायची. माणूस "आई गं!" म्हणाला की अंगठा तिथेच थांबायचा. मग ती तिथे दाबून धरायची, सोडायची, पुन्हा दाबायची. श्वास सोडायला सांगायची. कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावायची. माणूस सैल पडला की ती उठायची आणि आपली टाच त्याच्या पाठीला हलकेच लावायची.

"जा. उतरली."

माणूस उभा राहायचा आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायचा. तिच्या हातांकडे कुणी बघतसुद्धा नसे.

मावशीला मात्र ठाऊक होतं. तरुणपणी तिने सांगूनही पाहिलं होतं, "बाबांनो, पायात काय न्हाई, ह्यो चोळन्याचा गुन हाय." पण लोक म्हणाले, "बघा, मावशी मोठेपना बी घेत न्हाई!" आणि आणखीच वाकून पाया पडले. शेवटी तिने सांगणं सोडून दिलं. पुढे तो मान तिला आवडू लागला. लग्नात पहिलं पान तिला, जत्रेत पहिला नारळ तिच्या हातून. ओझी वाहणाऱ्या गावात एका ओझं न वाहणाऱ्या बाईला इतका मान! तो गोड लागला म्हणून तिला नावं ठेवायला आपण कोण?

मावशीला एक मुलगी होती, हौसा. ही मात्र चारचौघांसारखी, डोक्याकडून जन्मलेली. पण नजर तीक्ष्ण. तेल गरम करून देता देता ती आईचे अंगठे बघत राहायची. एक दिवस तिने विचारलं, "आई, पाय तर तू शेवटाला लावतीस. त्याच्या आदीच मानूस हसाय लागलेला आसतो. मग तुझ्या हातांचं मला शिकिव की."

मावशीचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला. 'हो' म्हणावं असं तिला वाटलं. पण हौसाला जमलं तर ते कुणालाही जमेल, आणि कुणालाही जमलं तर मग आपण कोण उरणार, अशी भीती तिला वाटली.

"तुला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तू पायाळू हाईस व्हय?"

हौसाने पुन्हा विचारलं नाही. तिने आईवर विश्वास ठेवला, आणि या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

वर्षं गेली. दुसऱ्यांच्या पाठींवर वाकून वाकून मावशीची स्वतःची पाठ झिजत होती, पण तिला "पाठ काय म्हनते?" असं कुणी विचारलं नाही. देवाला कुणी विचारतं का? मग एका सकाळी विहिरीवर हंडा उचलताना तिच्या पाठीत उसण भरली आणि ती तिथेच कोसळली. लोकांनी तिला झोळीत घालून घरी आणलं. तिला ना बसता येत होतं, ना कुशीवर वळता. तिच्या ओरडण्याने अंगणातल्या धट्ट्याकट्ट्या हेलकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता पाय कुनी लावायचा?" सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. गावात दुसरं पायाळू नव्हतं.

हौसा पुढे झाली. "मी चोळते. आई सांगंल तसं करते."

"खुळी का काय तू?" गावातला म्हातारा मुकादम म्हणाला. "तू डोक्याकडनं जन्मलेली. एखादं हाड मोडून ठेवशील. घाटावर जाऊन अफूच्या गोळ्या आनू. निदान जिवाला आराम तरी पडंल."

हौसाने आईकडे पाहिलं. "आई, तू सांग ह्यास्नी. सांग, मी चोळू का?"

सगळं अंगण मावशीच्या तोंडाकडे बघू लागलं. एका वाक्याचं काम होतं. 'माझ्या पायात कधीच काही नव्हतं' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण ते वाक्य आता फार जड झालं होतं. ज्यांनी जन्मभर तिच्या पायांवर डोकं ठेवलं, ते सगळे समोर उभे होते. मावशीने डोळे मिटून घेतले.

"गोळी द्या," ती म्हणाली.

गोळीने काम चोख केलं. कळ थांबली, ओरडणं थांबलं, मावशी झोपली. लोक निर्धास्त होऊन आपापल्या गोण्या उचलायला गेले. त्यांची तिच्यावर माया होती, यात शंका नाही. ते रोज विचारपूस करत, आणि गोळ्या संपल्या की आठवणीने नव्या आणून देत. पण उसण होती तिथेच होती. मावशी पडून राहिली, आणि पडून पडून तिचे पाय काटक्या झाले.

एका संध्याकाळी ती जरा शुद्धीवर आली. उशाशी हौसा बसली होती. मावशीने तिचा हात चाचपडत धरला.

"हौसे, पायात काय न्हवतं गं. सगळं हातात व्हतं. तुला बी जमलं आसतं."

हौसा रडली नाही, भांडली नाही. तिने तेल कोमट केलं, आईला जपून पालथं केलं आणि अंगठे कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. "सांग आई. कुटं दाबू? हितं दुखतंय?"

"न्हाई."

"जरा खाली?"

 मावशीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"कुटंच दुखत न्हाई गं, पोरी. काय सांगू तुला?"

ज्या कळेने वाट दाखवायची, तीच कळ गोळीने झोपवली होती. हौसाने गोळी बंद करून पाहिली. पण आता शरीर गोळीवाचून राहीना. मावशी थरथर कापायची, घामाने भिजायची, भलतंच बरळायची. शेवटी हौसानेच गोळी तिच्या ओठांना लावली. असेच काही महिने गेले आणि एका दुपारी, झोपेतल्या झोपेत, मावशी गेली.

शेवटची आंघोळ घालायला गावातल्या बायका जमल्या. पाठीवर पाणी हौसा घालत होती. पाठ चोळता चोळता तिचा अंगठा कण्याच्या उजव्या अंगाला थबकला. कातडीखाली चिंचोक्याएवढी टणक गाठ लागली होती. हौसाने अंगठा तिथेच धरून ठेवला.

"आई," ती वाकून हळूच म्हणाली, "हितंच का गं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. ते विचारणं सगळ्यांनी ऐकलं, पण त्याचं उत्तर देऊ शकणारं माणूस तेवढं उरलं नव्हतं.

म्हणून सांगतो, हातातलं कसब जन्माच्या पुण्याईखाली झाकून ठेवू नये. न वाटलेली विद्या वेळेला मालकाच्याही कामी येत नाही.